मामूंची काडेपेटी आणि पांढरा फॉस्फरस

माझे मामू भिवंडीजवळच्या एका डाइंगमध्ये कामाला होते. सत्तरच्या दशकात ते तिथे लागले आणि जवळपास पंचवीस वर्षं टिकले. लहानपणी आम्हा भाच्यांचा एक खेळ असायचा. मामू रात्री घरी आले की त्यांचे हात बघायचे आणि आज कारखान्यात कुठला रंग चालला होता ते ओळखायचं. ईदच्या नमाजला निघतानाही त्यांच्या नखांच्या कडांना निळा नाहीतर लालसर रंग असायचा. नानी त्यांना लिंबू आणि राख चोळायला द्यायची, पण रंग काही जायचा नाही.

२००१ साली त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दोन वर्षांत मामू गेले. आजारपणात एकदा त्यांचे शेठ फळांची पिशवी घेऊन भेटायला आले होते. म्हणाले, "बीडी छोड देते मियां, तो ये दिन नहीं आता." मामू नुसते हसले. उशाशी बिडीचं बंडल आणि काडेपेटी होतीच. दवाखान्याच्या केसपेपरवरही बिडीची नोंद होती. 'व्यवसाय' या शब्दापुढे मात्र 'मजुरी' एवढंच लिहिलं होतं. कसली मजुरी, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

बिडीनं मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो, हे खरं आहे. मामूंना तो कशानं झाला हे मी सांगू शकत नाही. पण शेठचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे कामगारांच्या आजारांविषयी वाचताना तसंच एक वाक्य मला शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सापडलं. ते ज्या वस्तूच्या इतिहासात सापडलं, ती वस्तू मामूंच्या उशाशीच पडलेली होती. म्हणून आज काडेपेटीबद्दल.

घरातली एक काडी घ्या आणि भिंतीवर घासून पाहा. ती पेटणार नाही. पेटीच्या कडेला जी तपकिरी पट्टी असते, तिच्यावरच ती पेटते. आपल्याला हे इतकं सवयीचं झालं आहे की असं का, हा प्रश्न पडत नाही. त्या पट्टीत लाल फॉस्फरस असतो आणि काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट. दोघे घासून एकत्र येतात तेव्हाच ठिणगी पडते. ही विभागणी करायची कल्पना सुचायला फार वेळ लागला नाही. ती सगळ्यांच्या हातात पोचायला मात्र पाऊणशे वर्षं लागली, आणि त्या काळात हजारो गरीब माणसांचे जबडे सडले.

फॉस्फरस सापडला तो १६६९ साली, जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये. हेनिग ब्रँड नावाचा किमयागार मानवी मूत्र आटवून सोनं मिळतं का ते पाहत होता. सोनं मिळालं नाही. मिळाला तो अंधारात चमकणारा मेणासारखा पदार्थ. हाच पांढरा फॉस्फरस. तो साध्या हवेत आपोआप पेट घेतो, म्हणून पाण्याखाली ठेवावा लागतो. शिवाय तो जहाल विष आहे.

घासून पेटणारी पहिली काडी इंग्लंडमधल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्यानं केली आणि १८२७ पासून विकली. तिच्यात फॉस्फरस नव्हता. ती नीट पेटत नसे आणि पेटली तर ठिणग्या उडत. १८३०च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल सोरिया या तरुणानं गुलात पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी कुठेही घासली तरी पेटू लागली, भिंतीवर, बुटावर, दगडावर. किंमतही अगदी कमी. काही वर्षांत ती युरोपभर पसरली.

हिचं काम कसं चालायचं ते समजून घेऊ. फॉस्फरस आणि सरस यांचा गरम लगदा करायचा, त्यात काड्यांची टोकं बुडवायची, त्या वाळवायच्या, मापाला कापायच्या आणि पेट्यांत भरायच्या. लगद्यातून सतत वाफ निघे. कोंदट खोलीत बायका आणि मुलं दिवसाचे बारा-बारा तास ही वाफ घेत. दुपारची भाकरी त्याच टेबलावर, त्याच हातांनी खात. आधी दाढ दुखायची. मग हिरड्या सुजायच्या, पू व्हायचा आणि जबड्याचं हाड मरायला लागायचं. त्याची दुर्गंधी इतकी की घरचे लोकही जवळ बसू शकत नसत. शस्त्रक्रिया करून जबडा काढला तर माणूस कधीकधी वाचे, पण चेहरा कायमचा मोडलेला. इंग्रज कामगारांनी या रोगाला 'फॉसी जॉ' असं नाव दिलं होतं.

व्हिएन्नातल्या डॉ. लोरिन्सर यांनी १८४५ साली या रोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे आलेले जबड्याचे रोगी काड्यांच्या कारखान्यातले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे रोग कशानं होतो हे १८४५ पासून माहीत होतं.

आता उपायाकडे वळू. व्हिएन्नातच १८४०च्या दशकात अँटोन श्रोटर या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की पांढरा फॉस्फरस हवा न लागू देता तापवला की त्याचा लाल फॉस्फरस होतो. मूलद्रव्य तेच, पण लाल रूप ना विषारी, ना आपोआप पेटणारं. १८४४ साली स्वीडनच्या गुस्ताफ पाश्च यांनी फॉस्फरस गुलातून काढून पेटीच्या कडेला लावण्याचं पेटंट घेतलं. यॉनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी हे दोन्ही शोध जुळवून काडी तयार केली आणि १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळवलं. त्याच वर्षी लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीनं या काडीचे ब्रिटनपुरते हक्क विकत घेतले. रोग ठाऊक, कारण ठाऊक, पर्याय तयार, त्याचे हक्कही खिशात. इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण नवी काडी महाग होती आणि तिला पेटीची कड लागे. गिऱ्हाइकाला कुठेही पेटणारी स्वस्त काडी हवी होती. कंपनीनं दोन्ही काड्या बनवल्या आणि पुढची पंचेचाळीस वर्षं पांढऱ्या फॉस्फरसची काडी विकणं सोडलं नाही. तिची कारणं ठरलेली असत. लोक हेच मागतात. आम्ही थांबलो तर परदेशी माल बाजार खाईल. आणि मला ओळखीचं वाटलेलं तिसरं कारण हे होतं की ज्यांचे दात किडके असतात त्यांनाच हा रोग होतो, कामगारांनी दात नीट ठेवावेत. फॉस्फरसची वाफ किडक्या दातातून लवकर शिरते, हे खरं होतं. पण ते अर्धंच खरं होतं. वाफ नसती तर किडका दात नुसता किडका दातच राहिला असता. तरी दाढ दुखत असल्याचं जी मुलगी बोलून दाखवी, तिला सांगितलं जाई की दात उपटून ये, नाहीतर काम सोड. त्यामुळे दुखणं लपवण्याकडेच कामगारांचा कल असे.

१८८८च्या जून महिन्यात अॅनी बेझंट यांनी 'द लिंक' या आपल्या साप्ताहिकात या कारखान्यावर लेख लिहिला. याच अॅनी बेझंट पुढे १८९३ साली भारतात आल्या, त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली आणि १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे त्यांची ओळख टिळकांच्या काळातल्या होमरूलवाल्या बाई म्हणून आहे, काड्यांच्या कारखान्याची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मुलींना आठवड्याला मिळणारे चार-पाच शिलिंग, पाय अस्वच्छ म्हणून दंड, बोललं म्हणून दंड, आणि दुसरीकडे भागधारकांना वीस टक्क्यांहून जास्त लाभांश, हे सगळं त्या लेखात होतं. कंपनीनं कामगारांपुढे कागद ठेवला की हा लेख खोटा आहे, यावर सह्या करा. बायकांनी सह्या केल्या नाहीत. एकीला कामावरून काढलं आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १,४०० बायका आणि मुली बाहेर पडल्या.

इतिहासात या संपाचं श्रेय बराच काळ बेझंटबाईंनाच दिलं गेलं. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे की संपाचा निर्णय त्या कामगार बायकांचाच होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आयरिश घरांतल्या होत्या. बेझंटबाई स्वतः आधी संपाच्या बाजूच्या नव्हत्या. मात्र बायका बाहेर पडल्यावर त्यांनी पैसा उभा केला आणि आवाज संसदेपर्यंत नेला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही कष्टकऱ्यांच्या लढ्याचा इतिहास लिहिताना व्यासपीठावरच्या माणसाचं नाव राहतं आणि सही न करणारीचं जातं.

दोन आठवड्यांत संप जिंकला गेला. दंड बंद झाले. जेवायला वेगळी खोली मिळाली, म्हणजे भाकरीबरोबर फॉस्फरस पोटात जाणं थांबलं. बायकांनी स्वतःची युनियन काढली. पण पांढरा फॉस्फरस तसाच राहिला. विष जागेवर ठेवून त्याच्याभोवतीचा कारभार थोडा सुधारला, असं या विजयाचं स्वरूप होतं.

१८९१ साली साल्व्हेशन आर्मीनं त्याच भागात लाल फॉस्फरसचा कारखाना काढला आणि मजुरी जवळपास दीडपट दिली. काम नीट चाललं, पण काडी महाग पडे. दहाएक वर्षांत तो कारखाना बंद झाला. विषारी काडी शेजारी स्वस्तात विकायला मोकळी असताना नुसत्या सज्जनपणावर बिनविषारी काडी टिकत नाही, हे त्यातून दिसलं.

१८९८ साली उघड झालं की ब्रायंट अँड मेनं जबड्याच्या रोगाचे १७ रुग्ण सरकारपासून लपवले होते आणि त्यांतले ६ मरण पावले होते. दंड किती झाला? २५ पौंड आणि काही शिलिंग. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मात्र मोठी गोष्ट घडली. तिथे काड्या बनवण्याची मक्तेदारी सरकारकडे होती. म्हणजे रोगी कामगारांचा खर्चही सरकारवरच पडत होता आणि कामगारांचे संपही चालू होते. सेव्हेन आणि काएन या दोघा अभियंत्यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड वापरून काडी बनवली. ती कुठेही पेटे आणि जबडा सडवत नसे. फ्रान्सनं लगेच ती स्वीकारली. हे संयुग १८६४ पासून माहीत होतं. दुखण्याचं बिल ज्याच्या नावावर फाटतं तो पर्याय लवकर शोधतो, एवढाच मी याचा अर्थ लावतो.

यानंतर 'गिऱ्हाईक कुठेही पेटणारी काडी मागतं' ही सबब उरली नाही. ब्रायंट अँड मेनं १९०१ मध्ये पांढरा फॉस्फरस सोडला. फिनलंडनं १८७२ मध्ये आणि डेन्मार्कनं १८७४ मध्ये बंदी घालून आधीच दाखवून दिलं होतं की देश त्यामुळे बुडत नाही. १९०६ साली स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये सात देशांनी बंदीचा करार केला. ब्रिटननं १९०८ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९१० पासून तो लागू झाला. अमेरिकेत नव्या काडीचं पेटंट डायमंड मॅच या एकाच कंपनीकडे होतं. ते असताना बंदी घातली तर सगळा बाजार तिच्याच घशात गेला असता. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या आग्रहावरून १९११ मध्ये कंपनीनं पेटंटवर पाणी सोडलं. मग १९१२च्या कायद्यानं विषारी काड्यांवर इतका कर बसवला की त्या विकणं परवडेनासं झालं.

या यादीत स्वीडनचं उदाहरण वेगळं आहे. बिनविषारी काडी ज्या देशानं जगाला दिली, त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या आपल्या घरी विकायला बंदी केली. निर्यातीसाठी मात्र त्या बनवायला मुभा ठेवली.

आपल्याकडे तेव्हा काड्या बव्हंशी बाहेरून येत, स्वीडनहून आणि जपानहून. इथले कारखाने थोडे होते. त्यांतला एक १८९५ साली अहमदाबादेत निघालेला, 'गुजरात इस्लाम मॅच फॅक्टरी' या नावाचा. हिंदुस्थानात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदीचा कायदा १९१३ साली झाला. पुढे १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. सगळ्या देशांनी बर्नचा करार स्वीकारावा अशी शिफारस तिथे झाली. त्या अधिवेशनात हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते आपले ना. म. जोशी. जपाननं १९२१ मध्ये आणि चीननं १९२५ मध्ये बंदी घातली. १९२३ साली स्वीडिश कंपनीनं 'विमको' स्थापन केली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास शिवकाशीत काड्यांचा धंदा सुरू झाला.

शिवकाशीतला फॉस्फरस लाल होता. जबडे सडले नाहीत. पण काड्या भरणारे हात लहान मुलांचेच राहिले. क्लोरेट पेट घेऊन स्फोट होत राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की धोकादायक उद्योगांत मूल कामाला ठेवणाऱ्या मालकानं प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत. रसायन बदललं म्हणजे सगळं बदललं, असं होत नाही.

आता पुन्हा मामूंकडे येतो. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी सांगितलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत आहेत. पुढे बेन्झिडीनसारखी रसायनं त्यामागे आहेत हे सिद्ध झालं. ब्रिटननं १९६७ साली बेन्झिडीनवर कायद्यानं बंदी घातली. सुती कापडासाठी रिॲक्टिव्ह रंग १९५६ पासून बाजारात होते. त्यांनाही दोष आहेत, त्यांची पूड छातीत गेली तर दमा होऊ शकतो. पण पर्याय नव्हता असं कुणाला म्हणता येणार नाही. भारतात बेन्झिडीनवर आधारलेल्या रंगांवर आणि मग आणखी अझो रंगांवर बंदी आली ती १९९०च्या दशकात. त्याच दशकात, १९९४ साली, जर्मनीनं अशा रंगांचे कपडे घ्यायला नकार दिला होता आणि आपली निर्यात अडचणीत आली होती. जर्मन गिऱ्हाइकाच्या कातडीला तो रंग लागू नये, म्हणून तो नियम होता. मामू तोवर वीस वर्षं त्याच पावडरी डब्यातून हातानं काढून बादलीत कालवत होते. त्यांच्या डब्यांत नेमकं काय होतं ते कुठेच लिहिलेलं नाही.

मामूंचा धाकटा मुलगा आज त्याच धंद्यात आहे. मागच्या ईदला जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे आता कुठला रंग वापरतात?" तो म्हणाला, "भाईजान, एक्सपोर्टच्या मालाला सर्टिफिकेटवाला. लोकलला बाजारातला सुट्टा. त्या डब्यावर नाव नसतं." मला स्वीडन आठवलं.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, त्याच इथे लिहितो. एक, डबा-पिंपावर जे काही छापलेलं असेल त्याचा फोटो काढून ठेव, आणि काहीच छापलेलं नसेल तर त्याचाही काढ. दोन, दवाखान्यात गेलास की 'व्यवसाय' या रकान्यात कुणाला नुसतं 'मजुरी' लिहू देऊ नकोस. रंगकाम म्हण, कुठला रंग ते सांग, किती वर्षं ते सांग. लोरिन्सर आणि रेन यांना जे सापडलं, ते समोरचा रोगी काय काम करतो हे त्यांना ठाऊक होतं म्हणून सापडलं. मामूंच्या केसपेपरवर ती जागा आम्ही रिकामीच सोडली. त्यामुळे तिथे बिडी राहिली आणि रंग राहिला नाही.